बर्मिंगहॅमची महापालिका : गॅसच्या नफ्यापासून कर्जाच्या डोंगरापर्यंत

बर्मिंगहॅम हे लंडनखालोखाल इंग्लंडमधले सर्वांत मोठे शहर. २०२१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेअकरा लाखांच्या घरात होती. लंडनचा कारभार ३२ बरो आणि जुने सिटी ऑफ लंडन यांच्यात वाटलेला आहे. बर्मिंगहॅममध्ये शाळा, रस्ते, घरे, वृद्धांची देखभाल, ग्रंथालये आणि कचरा हे सारे एकाच संस्थेकडे आहे. म्हणूनच बर्मिंगहॅम सिटी कौन्सिल इंग्लंडमधील सर्वांत मोठ्या स्थानिक संस्थांपैकी एक मानली जाते. एकोणिसाव्या शतकात ही महापालिका जगभर आदर्श म्हणून सांगितली जात असे. २०२३ मध्ये तिच्याच वित्त अधिकाऱ्याला जाहीर करावे लागले की जमाखर्चाची तोंडमिळवणी होत नाही. दोन्ही प्रसंगांच्या मुळाशी एकच प्रश्न होता. शहराने स्वतःचे उत्पन्न कोठून काढायचे आणि कर्ज कशाच्या जोरावर घ्यायचे?

सनदेपूर्वीचे गाव

बर्मिंगहॅम वाढले ते कारखानदारीवर. बटणे, बंदुका, पितळी वस्तू, कुलपे, लेखण्यांची टोके अशा शेकडो जिनसा इथल्या लहान लहान कर्मशाळांतून तयार होत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते देशातल्या मोठ्या शहरांत गणले जाऊ लागले होते, तरी कायद्याच्या दृष्टीने ते गावच होते. त्याला राजाची सनद नव्हती, नगरपालिका नव्हती आणि संसदेत प्रतिनिधीही नव्हता. जुन्या जहागिरीच्या काळापासून चालत आलेली ‘कोर्ट लीट’ ही सभा वर्षातून एकदा भरे आणि हाय बेलिफ, लो बेलिफ, शिपाई असे अधिकारी नेमी.

सनद नसण्याचा एक फायदाही होता. सनदी शहरांत व्यापार आणि पदे यांवर जुन्या संघांची व प्रस्थापित चर्चच्या अनुयायांची पकड असे. बर्मिंगहॅममध्ये तशी आडकाठी नव्हती, त्यामुळे क्वेकर, युनिटेरियन, काँग्रिगेशनलिस्ट अशा पंथांची उद्योजक घराणी इथे स्थिरावली. पुढे शहराच्या राजकारणाला वळण लावणारी बरीच माणसे याच घराण्यांतून आली.

वाढत्या वस्तीला रस्ते, दिवाबत्ती आणि साफसफाई हवी होती. त्यासाठी १७६९ मध्ये संसदेने खास कायदा करून ‘स्ट्रीट कमिशनर’ मंडळ स्थापन केले. त्यात मतदान नव्हते. एखादी जागा रिकामी झाली की उरलेले सदस्यच ती भरत. मंडळाचे काम मात्र लहान नव्हते. ग्रीक मंदिराच्या धर्तीवर बांधलेला आणि १८३४ मध्ये खुला झालेला टाउन हॉल हे त्याचेच काम. नगरपालिका जन्माला येण्याआधीच शहराला नगरभवन मिळाले होते.

सनद आणि पहिली निवडणूक

१८३२ च्या सुधारणा कायद्याने बर्मिंगहॅमला संसदेत दोन जागा दिल्या. हा कायदा व्हावा म्हणून देशभर जे आंदोलन पेटले, त्यात सराफी पेढी चालवणाऱ्या थॉमस अ‍ॅटवूड यांची ‘बर्मिंगहॅम पोलिटिकल युनियन’ आघाडीवर होती. अ‍ॅटवूड आणि जोशुआ स्कोलफील्ड हे शहराचे पहिले खासदार झाले. पुढच्या १८३५ च्या म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स कायद्याने १७८ जुन्या शहरांच्या नगरपालिका मोडून त्या करदात्यांच्या मतावर नव्याने उभ्या केल्या. ज्या शहरांना नगरपालिका नव्हती त्यांना ती मागण्याची मुभाही याच कायद्यात होती. बर्मिंगहॅमच्या रॅडिकलांनी अर्ज केला, टोरींनी, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्हांनी, विरोध केला आणि ३१ ऑक्टोबर १८३८ रोजी सनद मिळाली. उद्योगनगरी मँचेस्टरलाही त्याच महिन्यात सनद मिळाली.

नव्या नगरपालिकेत ६४ सदस्य होते. त्यांपैकी ४८ नगरसेवक १३ प्रभागांतून निवडून यायचे आणि उरलेले १६ ‘ऑल्डरमन’ या नगरसेवकांनी निवडायचे. ऑल्डरमनची मुदत सहा वर्षांची आणि नगरसेवकाची तीन वर्षांची. दर वर्षी एक तृतीयांश नगरसेवक निवृत्त होत, त्यामुळे शहरात दर वर्षी निवडणूक असे. मताचा हक्क घरपट्टी भरणाऱ्या आणि ठराविक काळ शहरात राहिलेल्या पुरुषांपुरता होता. डिसेंबर १८३८ मधल्या पहिल्या निवडणुकीत टोरींच्या हाती काहीच लागले नाही. सभागृह लिबरल आणि रॅडिकल मंडळींनी भरले आणि जोशुआ यांचे चिरंजीव विल्यम स्कोलफील्ड पहिले महापौर झाले.

नगरपालिका आली तरी अधिकार आले नाहीत. रस्ते आणि दिवे स्ट्रीट कमिशनरांकडेच राहिले. शिवाय विरोधकांनी सनदेच्या कायदेशीरपणावरच बोट ठेवले, त्यामुळे कर बसवणेही अवघड झाले. अशातच जुलै १८३९ मध्ये बुल रिंग या बाजारचौकात मताधिकारासाठी झगडणाऱ्या चार्टिस्टांच्या सभांवरून दंगल उसळली. लंडनहून पोलीस आणावे लागले. नगरपालिकेवर भरवसा नाही म्हणून सरकारने वेगळा कायदा करून शहराचे पोलीस दल आपल्या नेमलेल्या आयुक्ताच्या हाती दिले. १८४२ मध्ये संसदेने सनदेवर शिक्कामोर्तब केले आणि पोलीस नगरपालिकेकडे परत आले. शहराच्या कारभारात सरकारने आयुक्त बसवण्याची १८३९ ची ही पहिली वेळ.

रस्ते, गटारे आणि बाजार यांचा कारभार एका छत्राखाली यायला आणखी दशक गेले. रॉबर्ट रॉलिन्सन या सरकारी निरीक्षकाने १८४९ मध्ये शहराच्या आरोग्याची चौकशी केली, तेव्हा एकाच शहरात वेगवेगळ्या मंडळांची हद्द आणि कामे एकमेकांत गुंतलेली दिसली. १८५१ च्या शहर सुधारणा कायद्याने ही सारी मंडळे बरखास्त झाली आणि त्यांचे अधिकार नगरपालिकेकडे आले.

काटकसरवाल्यांचा काळ

अधिकार मिळताच ते वापरायचे किती, यावर वाद सुरू झाला. दुकानदार आणि लहान घरमालक घरपट्टी वाढवायला तयार नव्हते. जोसेफ ऑल्डे यांच्या नेतृत्वाखाली त्यांचा गट ‘इकॉनॉमिस्ट’ म्हणून ओळखला गेला. सभागृहात काय करायचे ते हा गट वुडमन नावाच्या मद्यगृहात बसून ठरवी. ऑल्डे यांच्या नावावर एक मोठे कामही आहे. शहराच्या तुरुंगात कैद्यांचा होणारा अमानुष छळ १८५० च्या दशकात त्यांनी चव्हाट्यावर आणला आणि सरकारला चौकशी नेमावी लागली. पैशाच्या बाबतीत मात्र या गटाने हात आखडता घेतला. सुधारणांसाठी कर्ज काढण्याचे बेत बारगळले आणि शहराचा अभियंता नोकरीस मुकला. लोकसंख्या वाढत होती. मागच्या अंगणांत पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांतून लोक दाटीवाटीने राहत, आणि उथळ विहिरींच्या पाण्यात शौचकूपांची घाण मिसळे.

या वृत्तीविरुद्ध पहिला आवाज व्यासपीठांवरून आणि धर्मपीठांवरून उठला. जॉर्ज डॉसन हे कोणत्याही पंथाच्या चौकटीत न बसणारे धर्मोपदेशक सांगत की शहर म्हणजे केवळ घरांचा समूह नाही. एकत्र जगणाऱ्या माणसांची ती नैतिक जबाबदारी आहे. कार्स लेन चॅपेलचे आर. डब्ल्यू. डेल यांनी तोच विचार पुढे नेला. चांगले पाणी, स्वच्छ गल्ल्या, ग्रंथालय आणि शाळा देणारा नगरसेवक धर्मकार्यच करतो, असे त्यांचे म्हणणे होते. या विचारसरणीला ‘सिव्हिक गॉस्पेल’, म्हणजे नागरी धर्माची शिकवण, असे नाव पडले. तिचा प्रत्यक्ष परिणाम असा झाला की पूर्वी नगरपालिकेकडे पाठ फिरवणारे मोठे कारखानदार, वकील आणि डॉक्टर निवडणुकीला उभे राहू लागले.

जोसेफ चेंबरलेन आणि तीन सौदे

जोसेफ चेंबरलेन १८५४ मध्ये अठराव्या वर्षी लंडनहून बर्मिंगहॅमला आले आणि नेटलफोल्ड या नातेवाइकांबरोबर स्क्रूच्या व्यवसायात उतरले. यंत्रावर बनणाऱ्या टोकदार स्क्रूने या कंपनीला मोठा पैसा मिळवून दिला. १८६९ मध्ये चेंबरलेन नगरसेवक झाले आणि नोव्हेंबर १८७३ मध्ये महापौर. पुढे आणखी दोन वेळा त्यांचीच निवड झाली आणि १८७६ मध्ये ते खासदार म्हणून संसदेत गेले. महापौरपदाच्या या अवघ्या पावणेतीन वर्षांत त्यांनी तीन सौदे तडीस नेले.

पहिला सौदा गॅसचा. शहरात दोन खासगी गॅस कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करत आणि तेच रस्ते पुन्हा पुन्हा खणत. नगरपालिकेने १८७५ मध्ये दोन्ही मिळून सुमारे २० लाख पौंडांना विकत घेतल्या. त्या काळी एका शहराने एवढे कर्ज अंगावर घेणे अनेकांना वेडेपणा वाटला. चेंबरलेन यांचा हिशेब कारखानदाराचा होता. धंदा नफ्यात असेल तर कर्जाचे व्याज भागवूनही तिजोरीत भर पडेल, असे त्यांनी मांडले. पहिल्याच वर्षी सुमारे ३४ हजार पौंड नफा झाला आणि पुढे गॅसचे दरही उतरले.

दुसरा सौदा पाण्याचा. १८७६ च्या आरंभी पाणीपुरवठा कंपनी साडेतेरा लाख पौंडांना नगरपालिकेकडे आली. इथे चेंबरलेन यांनी उलट तत्त्व लावले. गॅसवर नफा घ्यावा. पाणी ही आरोग्याची गरज असल्याने त्यावर नफा घेऊ नये. मक्तेदारी असलेल्या सेवा लोकांच्या प्रतिनिधींच्या हाती असाव्यात, हे तत्त्व दोन्ही सौद्यांना समान होते. पुढे बर्मिंगहॅमने वेल्समधील एलान खोऱ्यात धरणे बांधली. तिथले पाणी ७३ मैल लांबीच्या कालव्यातून आणि नळांतून केवळ उताराच्या बळावर शहरात येऊ लागले. या योजनेचे उद्घाटन राजे सातवे एडवर्ड यांच्या हस्ते १९०४ मध्ये झाले.

तिसरा सौदा जमिनीचा. १८७५ च्या कारागीर निवास कायद्याचा आधार घेऊन नगरपालिकेने शहराच्या मध्यभागातील गलिच्छ वस्तीची जमीन ताब्यात घेतली आणि त्यातून कॉर्पोरेशन स्ट्रीट हा रुंद रस्ता काढला. त्याचे काम १८७८ मध्ये सुरू झाले. दुतर्फा जमिनी ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिल्या, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यावर त्या वाढलेल्या किमतीसह शहराला परत मिळणार होत्या. या योजनेची दुसरी बाजूही आहे. कायदा गरिबांच्या घरांसाठी होता, पण नवा रस्ता दुकानांनी आणि कचेऱ्यांनी भरला. ज्यांची घरे पडली ते शेजारच्या दाट वस्त्यांत सरकले. नगरपालिकेने स्वतः बांधलेली पहिली घरे रायडर स्ट्रीटवर उभी राहिली ती १८९० मध्ये, आणि तीही मोजकीच.

१८७९ मध्ये कौन्सिल हाउस ही मुख्य इमारत पूर्ण झाली. गॅस समितीच्या नफ्यातून तिला जोडून संग्रहालय व कलादालन बांधले गेले आणि ते १८८५ मध्ये उघडले. उद्योगाच्या मिळकतीतून कलेची वाढ करतो, अशा अर्थाचा लेख तिथे कोरलेला आहे. १८८९ मध्ये बर्मिंगहॅमला ‘सिटी’ हा दर्जा मिळाला आणि १८९६ पासून महापौराला ‘लॉर्ड मेयर’ म्हणू लागले. १८९० मध्ये ‘हार्पर्स’ या अमेरिकी मासिकात ज्युलियन राल्फ यांनी जगातील सर्वोत्तम कारभाराचे शहर म्हणून बर्मिंगहॅमचा गौरव केला.

पक्षयंत्रणेचा जन्म

या कामांमागे जशी कल्पना होती तशी शिस्तबद्ध पक्षसंघटनाही होती. १८६७ च्या सुधारणा कायद्याने बर्मिंगहॅमला तीन खासदार दिले, पण प्रत्येक मतदाराला दोनच मते. अल्पमतातल्या पक्षाला एक जागा मिळावी, हा त्यामागचा हेतू. बर्मिंगहॅम लिबरल असोसिएशनने कोणत्या प्रभागाने कोणत्या दोघांना मत द्यायचे हे आधीच ठरवून दिले आणि १८६८ मध्ये तिन्ही जागा जिंकल्या. दोन वर्षांनी शाळा मंडळाच्या निवडणुकीत अतिआत्मविश्वास नडला. १५ जागांसाठी लिबरलांनी १५ उमेदवार उभे केले, मते विभागली आणि सहाच निवडून आले. त्यानंतर प्रभाग समित्यांचे जाळे आणखी घट्ट विणले गेले. विल्यम हॅरिस आणि फ्रान्सिस श्नॅडहॉर्स्ट यांनी घडवलेल्या या यंत्रणेला विरोधक ‘कॉकस’ म्हणून हिणवत, पण इंग्लंडमधील आधुनिक पक्षबांधणीचा नमुना म्हणून तिच्याकडेच बोट दाखवले जाते. नगरपालिकेच्या निवडणुका पक्षाच्या नावाखाली आणि शिस्तीखाली लढवण्याची पद्धत तिने रुजवली.

१८८६ मध्ये आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावर लिबरल पक्ष फुटला. चेंबरलेन यांनी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांची साथ सोडली आणि त्यांचा लिबरल युनियनिस्ट गट कॉन्झर्व्हेटिव्हांच्या जवळ गेला. ज्या शहराने पन्नास वर्षे टोरींना फारसे जवळ येऊ दिले नव्हते, तेच आता युनियनिस्टांचा बालेकिल्ला झाले. महापालिकेतही हळूहळू हाच बदल उतरला. कामगारांची मोठी संख्या असूनही मजूर पक्षाला इथे मँचेस्टर किंवा शेफील्डपेक्षा फार उशिरा यश मिळाले, त्याचे एक कारण चेंबरलेन घराण्याचा हा वारसा आहे. नगरपालिकेच्या मालकीचे उद्योग इथे समाजवाद्यांनी उभारलेले नव्हते. ते कारखानदारांनी उभारले आणि युनियनिस्टांनी जपले, त्यामुळे मजूर पक्षाच्या हातातला एक मोठा मुद्दाच आधी निघून गेलेला होता.

विस्तार आणि महापालिकेची बँक

१९११ मध्ये अ‍ॅस्टन, अर्डिंग्टन, हँड्सवर्थ, यार्डली, किंग्ज नॉर्टन व नॉर्थफील्ड हे शेजारचे भाग शहरात विलीन झाले. क्षेत्रफळ सुमारे साडेतेरा हजार एकरांवरून साडेत्रेचाळीस हजार एकरांवर गेले आणि लोकसंख्या ८ लाख ४० हजारांवर पोहोचली. ३० प्रभाग, ९० नगरसेवक आणि ३० ऑल्डरमन अशी नवी रचना झाली. त्याच वर्षी एलन पिन्सेंट महापालिकेतील पहिल्या महिला सदस्य झाल्या. घरपट्टी भरणाऱ्या अविवाहित आणि विधवा स्त्रियांना नगरपालिकेच्या निवडणुकीत मताचा हक्क १८६९ पासूनच होता. सभागृहात बसायला आणखी चार दशके लागली.

१९११ च्या निवडणुकीत जोसेफ यांचे धाकटे चिरंजीव नेव्हिल चेंबरलेनही निवडून आले. महापालिकेत त्यांचा भर नगररचनेवर होता. १९०९ च्या कायद्याखाली देशात मंजूर झालेल्या पहिल्या नगररचना योजना बर्मिंगहॅमच्याच होत्या. १९१५ मध्ये ते लॉर्ड मेयर झाले. युद्धासाठी कामगारांची बचत गोळा करायला १९१६ मध्ये त्यांनी महापालिकेची बचत बँक सुरू केली आणि १९१९ मध्ये वेगळ्या कायद्याने तिला कायमचे रूप मिळाले. शाखाशाखांतून जमलेल्या ठेवी गृहकर्जांसाठी आणि शहराच्या कामांसाठी वापरता येत. १९२० मध्ये स्थापन झालेल्या शहराच्या वाद्यवृंदालाही महापालिकेने करातून अनुदान देऊ केले. ब्रिटनमध्ये तेव्हा हे दुर्मीळ होते.

दोन महायुद्धांमधल्या काळात शहराच्या कडेने महापालिकेच्या घरांच्या मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. ४० हजारावे घर १९३३ मध्ये आणि ५० हजारावे दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधी पूर्ण झाले. या काळात महापालिका गॅस, वीज, पाणी, ट्राम आणि बस पुरवी, बँक चालवी आणि रुग्णालयेही सांभाळी. आपल्या नागरिकाच्या पाळण्यापासून दफनभूमीपर्यंत ती कोठे ना कोठे त्याला भेटतच असे.

मजूर पक्षाचा उदय आणि उद्योगांची गळती

१९४५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाने बर्मिंगहॅममधील १३ पैकी १० जागा जिंकल्या आणि १९४६ मध्ये महापालिकेत पहिल्यांदा सत्ता मिळवली. ती लवकरच निसटली. १९५२ मध्ये परत आली आणि १९६६ पर्यंत टिकली. त्यानंतर सहा वर्षे कॉन्झर्व्हेटिव्ह सत्तेत होते. दोन्ही पक्षांचे मोठे प्रकल्प मात्र सारखेच होते. शहर अभियंता हर्बर्ट मॅनझोनी यांनी आखलेल्या पाच पुनर्विकास क्षेत्रांतील जुनी घरे पाडून टोलेजंग इमारती बांधायच्या आणि शहराच्या मध्याभोवती वर्तुळाकार रस्ता काढायचा. चारशेहून अधिक उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या आणि वर्तुळाकार रस्ता १९७१ मध्ये पुरा झाला. पुढे याच रस्त्याने शहराच्या मध्याचा गळा आवळला म्हणून त्याचे भाग पाडावे लागले.

दरम्यान केंद्राने एकेक उद्योग महापालिकेकडून काढून घेतला. राष्ट्रीयीकरणात १९४८ मध्ये वीज आणि रुग्णालये गेली, १९४९ मध्ये गॅस. बससेवा १९६९ मध्ये प्रादेशिक परिवहन संस्थेकडे गेली. १९७४ मध्ये पाणी सेव्हर्न ट्रेंट प्राधिकरणाकडे आणि पोलीस वेस्ट मिडलंड्सच्या दलाकडे गेले. १९७६ मध्ये महापालिकेची बँकही तिच्यापासून वेगळी झाली. हे निर्णय देशाच्या पातळीवरचे होते आणि त्यांतील बरेचसे मजूर पक्षाच्याच सरकारचे होते. जोसेफ चेंबरलेन यांच्या रचनेचा गाभा होता कमावणारे खाते. ते गेले आणि खर्चाची खाती उरली. महापालिका आता मुख्यतः सरकारी अनुदान आणि स्थानिक कर यांवर अवलंबून राहू लागली.

१९७४ नंतरचे सभागृह

१ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडच्या स्थानिक कारभाराची फेररचना झाली. ऑल्डरमनची पदे रद्द झाली, उत्तरेकडचे सधन सटन कोल्डफील्ड बर्मिंगहॅममध्ये आले आणि वर वेस्ट मिडलंड्स काउंटी कौन्सिल असा दुसरा मजला चढला. १९८६ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने हा मजला काढून टाकला आणि बरेचसे अधिकार पुन्हा शहराकडे आले. सटन कोल्डफील्डचा समावेश राजकीयदृष्ट्या महत्त्वाचा ठरला. कॉन्झर्व्हेटिव्हांना तिथे हमखास जागा मिळत, तर शहराच्या मध्यवर्ती प्रभागांत मजूर पक्षाचा जोर असे. १९७६ ते १९८४ या आठ वर्षांत सत्ता वारंवार पालटली.

१९८४ पासून मजूर पक्षाने सलग वीस वर्षे कारभार केला. मोटार आणि अवजारांचे कारखाने बंद पडत होते. बेकारी वाढत होती. पक्षनेते डिक नोल्स यांनी परिषदा, प्रदर्शने आणि पर्यटन यांवर डाव लावला. शहराबाहेर १९७६ पासून नॅशनल एक्झिबिशन सेंटर होतेच; १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषद केंद्र, सिंफनी हॉल आणि नॅशनल इनडोअर अरीना उभे राहिले. १९९८ ची जी-८ शिखर परिषद याच शहरात भरली. मोठ्या इमारतींवर पैसा जात असताना शाळा आणि घरे मागे पडतात, ही टीका पक्षातूनच होत होती. १९९३ मध्ये थेरेसा स्ट्युअर्ट पहिल्या महिला पक्षनेत्या झाल्या आणि त्यांनी खर्चाचा झुकाव शाळांकडे वळवला. १९९९ मध्ये त्यांना हरवून अल्बर्ट बोर यांनी सूत्रे घेतली.

या काळात कारभाराची पद्धतही बदलली. पूर्वी प्रत्येक खात्याची समिती निर्णय घेई. २००० च्या कायद्यानंतर पक्षनेता आणि त्याचे मंत्रिमंडळासारखे ‘कॅबिनेट’ कारभार पाहू लागले. लॉर्ड मेयरचे पद वर्षभराचे आणि मानाचे उरले. थेट जनतेतून महापौर निवडावा का, यावर ३ मे २०१२ रोजी सार्वमत झाले. सुमारे ५८ टक्के मतदारांनी नकार दिला. तरीही २०१७ पासून संपूर्ण वेस्ट मिडलंड्स विभागासाठी वेगळा महापौर निवडला जातो. पहिले दोन कार्यकाळ कॉन्झर्व्हेटिव्ह अँडी स्ट्रीट यांना मिळाले, तर २०२४ मध्ये मजूर पक्षाचे रिचर्ड पार्कर निवडून आले.

२००४ च्या निवडणुकीने महापालिकेची मान खाली गेली. अ‍ॅस्टन आणि बोर्डस्ली ग्रीन या प्रभागांत टपाली मतांचा मोठा गैरव्यवहार झाला होता. २००५ मध्ये निवडणूक न्यायालयाने मजूर पक्षाच्या सहा जणांची निवड रद्द केली. २००४ ते २०१२ या काळात माइक व्हिटबी यांच्या नेतृत्वाखाली कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट यांची युती सत्तेवर होती. नवे ग्रंथालय बांधण्याचा निर्णय याच युतीचा. सुमारे १९ कोटी पौंडांची ही इमारत सप्टेंबर २०१३ मध्ये मलाला युसुफझाई यांच्या हस्ते उघडली, तोवर २०१२ मध्ये मजूर पक्ष १२० पैकी ७७ जागा जिंकून परतला होता.

एवढ्या मोठ्या संस्थेचा कारभार नीट चालतो का, हे पाहण्यासाठी सरकारने लॉर्ड केर्सलेक यांना नेमले. डिसेंबर २०१४ च्या त्यांच्या अहवालाने नेतृत्व आणि आर्थिक नियोजन यांवर कठोर ताशेरे ओढले आणि जवळजवळ दर वर्षी निवडणूक घेण्याची पद्धत बंद करण्याची शिफारस केली. २०१८ पासून ६९ लहान प्रभाग, १०१ नगरसेवक आणि चार वर्षांनी एकत्र निवडणूक अशी रचना आहे. २०२२ मध्ये मजूर पक्षाला ६५, कॉन्झर्व्हेटिव्हांना २२, लिबरल डेमोक्रॅटांना १२ आणि ग्रीन पक्षाला दोन जागा मिळाल्या. दक्षिण आशियाई वंशाचे नगरसेवक विसाव्या आणि एकविसाव्या शतकांच्या संधिकाळापासून सभागृहात मोठ्या संख्येने आहेत. मूळ पंजाबच्या होशियारपूर भागातले चमन लाल २०२३ मध्ये शहराचे पहिले ब्रिटिश भारतीय लॉर्ड मेयर झाले.

समान वेतनाचे देणे

महापालिकेला खड्ड्यात घालणारा प्रश्न जुना होता. कचरा उचलणारे, रस्ते दुरुस्त करणारे अशा पुरुषबहुल कामांना बोनस मिळे; त्याच वेतनश्रेणीतल्या स्वयंपाकिणी, सफाई कामगार आणि वृद्धांची सेवा करणाऱ्या स्त्रियांना तो मिळत नसे. २०१० मध्ये कामगार न्यायाधिकरणाचा निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोकरी सोडलेल्या १७४ जणांना दिवाणी न्यायालयात दावा करण्याची वाट मोकळी केली, आणि त्यामागून हजारो दावे आले. पुढच्या दशकभरात महापालिकेने सुमारे १.१ अब्ज पौंड दिले. पैसा उभा करायला २०१५ मध्ये प्रदर्शन केंद्र चालवणारा समूह ३०.७ कोटी पौंडांना विकला. एक कमावणारी मालमत्ता अशा रीतीने जुने देणे फेडण्यात गेली.

तेवढ्यावर प्रश्न मिटला नाही. २०१७ च्या कचरा कामगारांच्या संपात झालेल्या तडजोडीमुळे वेतनातील विषमता पुन्हा चर्चेत आली आणि पक्षनेते जॉन क्लॅन्सी यांना पद सोडावे लागले. जून २०२३ मध्ये महापालिकेने सांगितले की समान वेतनाचे आणखी ६५ ते ७६ कोटी पौंडांचे देणे संभवते. ओरॅकल या नव्या हिशेब प्रणालीचा खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट झाला होता आणि हिशेबच वेळेवर लागत नव्हते. २०१० नंतर केंद्राची अनुदानेही झपाट्याने आटली होती. या तिन्ही कारणांत कोणत्याला किती दोष द्यायचा, यावर मजूर पक्ष आणि कॉन्झर्व्हेटिव्ह यांच्यात अजूनही वाद आहे. ५ सप्टेंबर २०२३ रोजी कायद्याच्या ११४ व्या कलमाखाली सूचना निघाली. तिचा अर्थ असा की वैधानिक कर्तव्ये सोडून कोणताही नवा खर्च करायचा नाही. ऑक्टोबरमध्ये सरकारने मॅक्स कॉलर यांच्या नेतृत्वाखाली आयुक्त नेमले. पक्षनेते जॉन कॉटन आणि त्यांचे सहकारी पदांवर राहिले, पण महत्त्वाच्या आर्थिक निर्णयांवर अंतिम शब्द आयुक्तांचा ठरला. १८३९ नंतर सरकारी आयुक्त पुन्हा एकदा शहरात आले.

२०२४ मध्ये सरकारने १.२५ अब्ज पौंडांच्या आसपास विशेष साहाय्य मंजूर केले. ते अनुदान नव्हते. रोजच्या खर्चासाठी कर्ज काढण्याची आणि मालमत्ता विकून आलेला पैसा वापरण्याची ती परवानगी होती. चेंबरलेन यांनी कमावणारी मालमत्ता घेण्यासाठी कर्ज काढले होते. आता जुनी देणी भागवण्यासाठी कर्ज निघाले आणि मालमत्ता विकायला काढल्या गेल्या. स्थानिक कर २०२४ मध्ये ९.९९ टक्के आणि २०२५ मध्ये ७.४९ टक्के वाढवला. मार्च २०२५ मध्ये कचरा कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला आणि रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. कपातीच्या यादीत शहरातील मोठ्या कला संस्थांची अनुदानेही होती. ती २०२४-२५ मध्ये निम्मी झाली आणि २०२५-२६ मध्ये पूर्ण थांबली. त्यांत १९२० च्या वाद्यवृंदाला मिळणारे अनुदानही गेले.